एका वकिलाला एकच बाजू

जमिनीच्या दाव्यात वादीला सल्ला दिलेला वकील त्याच दाव्यात प्रतिवादीचे वकीलपत्र घेऊ शकत नाही. हे इतके उघड वाटते की त्यासाठी नियम करावा लागला असेल असे मनातही येत नाही. पण तो करावा लागला, तोही पुन्हा पुन्हा.

सम्राट जस्टिनियनने ५३३ मध्ये जारी केलेल्या ‘डायजेस्ट’ या रोमन कायद्याच्या संग्रहात, ४७व्या भागात, आपल्याच पक्षाचा घात करून समोरच्याला मदत करणाऱ्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे गुन्हा होता फितुरीचा. म्हणजे आधी घात व्हायचा, मग शिक्षा.

इंग्लंडमध्ये तेराव्या शतकात पैसे घेऊन दुसऱ्याची बाजू मांडणाऱ्यांचा वर्ग उभा राहिला आणि लबाडीच्या तक्रारीही सुरू झाल्या. पहिल्या एडवर्डच्या १२७५ च्या कायद्याने राजाच्या न्यायालयात कपट वा संगनमत करणाऱ्या वकिलाला एक वर्ष आणि एक दिवस कैद ठरवली; सुटल्यावरही त्याला दुसऱ्यासाठी बोलायला बंदी. १२८० मध्ये लंडन शहराने पुढचे पाऊल टाकले. दोन्ही पक्षांकडून पैसे घेतल्याचे सिद्ध झाले, की तीन वर्षे काम बंद. त्या पैशापायी दावा बुडाला की नाही, हा प्रश्नच उरला नाही.

पुढे लक्ष पैशावरून गुपितांकडे आणि अशिलाच्या संमतीकडे वळले. अमेरिकेत अलाबामाच्या वकील संघटनेने १८८७ मध्ये राज्यापुरती पहिली आचारसंहिता केली. तिच्या धर्तीवर १९०८ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनने देशपातळीवरची संहिता स्वीकारली. तिने एक दार किलकिले ठेवले: सगळी वस्तुस्थिती सांगितल्यावर संबंधितांनी स्पष्ट संमती दिली, तर परस्परविरोधी हितसंबंध असले तरी वकिलाला काम करता येईल.

मग वकील एकटा राहिला नाही, फर्म आली. एका भागीदाराला कळलेले दुसऱ्यालाही कळले असे धरायचे का? १९१२ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयासमोर दोन भागीदारांच्या एका फर्मचे प्रकरण आले. दोघे आपापली कामे स्वतंत्रपणे पाहत. एकाने सल्ला दिलेल्या माणसाच्या विरोधकाचे काम दुसऱ्याने घेतले होते. न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला. १९९८ मध्ये मात्र हाउस ऑफ लॉर्ड्सने ब्रुनेईचे राजपुत्र जेफ्री यांच्या दाव्यात ‘केपीएमजी’ या लेखापाल संस्थेला रोखले. या संस्थेने आधी राजपुत्रांच्या खासगी दाव्यात काम केले होते, नंतर त्यांच्याच व्यवहारांच्या चौकशीचे काम घेतले. गुपिते फुटू नयेत म्हणून कर्मचाऱ्यांत आड भिंत घातल्याचे तिचे म्हणणे न्यायालयाला पुरेसे वाटले नाही. वकिलांसाठीची कसोटी इथे हिशेबनिसांनाही लावली गेली. फुटण्याचा खरा धोका नाही, हे सिद्ध करण्याचा भार संस्थेवर आला.

भारतात १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने केलेल्या नियमांत याची दोन कलमे आहेत. १४वा नियम सांगतो की वकीलपत्र घेतानाच, पक्षकारांशी असलेले संबंध आणि वादातले स्वतःचे हितसंबंध अशिलासमोर उघड करावेत. ३३वा नियम अधिक कडक आहे. कधीही दावा दाखल करण्याबाबत सल्ला दिला असेल, कैफियत लिहून दिली असेल किंवा पक्षकारासाठी काम केले असेल, तर विरुद्ध पक्षासाठी उभे राहायचे नाही. संमतीची पळवाट त्यात लिहिलेली नाही. उलट फर्ममधल्या सहकाऱ्यांबद्दल तो गप्प आहे. नियमाच्या नजरेसमोर एकटा, काळ्या कोटातला वकील आहे. राजस्थानातल्या एका वकिलावर, बाजू बदलण्यासह दोन ठपके ठेवून, शिस्तपालन समितीने तीन वर्षांची बंदी घातली होती. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती एका वर्षावर आणली. लंडनची तीन वर्षे सातशे वर्षांनी राजस्थानात पुन्हा दिसली.

पण सल्ला दिल्यानेही हात बांधले जातात, हे हुशार पक्षकारालाही कळते. तालुक्याला नावाजलेले वकील चार-पाचच. त्या सगळ्यांकडे एकेक चक्कर मारून कागद दाखवले, की समोरच्यासाठी कुणी उरत नाही! विश्वास जपायला आणलेला नियम असा अडवणुकीचे हत्यारही होऊ शकतो. म्हणून अनुभवी वकील कागद हातात घेण्याआधी विचारतो, ‘‘समोर कोण आहे?’’ घात झाल्यावर शिक्षा करण्यापासून सुरू झालेला नियम आता या पहिल्या प्रश्नात येऊन बसला आहे.