नावातली चार अक्षरं

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागतं. वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. हे नाव इंग्रजीत लिहायला घेतलं की एस, एच, आय होतात आणि मग येतो आर. तो आर आला म्हणून गाव वाचलं! तिथे टी असता, तर या आद्य क्रांतिकारकाच्या जन्मगावाला जगातल्या कित्येक संगणकांनी असभ्य ठरवलं असतं. आपल्याला गंमत वाटते. शितोळे, शितप, रक्षित आणि दीक्षित या मंडळींना ती तेवढी वाटत नसावी.

माझ्या एका मावशीचं सासर दीक्षितांचं. काही वर्षांपूर्वी तिने एका संकेतस्थळावर नाव नोंदवायला घेतलं. पहिलं नाव चाललं. आडनाव टाकल्याबरोबर तांबड्या अक्षरांत सूचना आली, की कृपया योग्य भाषा वापरा. मावशीने सगळी हयात शाळेत मराठी शिकवण्यात घालवलेली. तिला योग्य भाषा शिकवणारा अजून जन्माला यायचाय अशी आम्हा भाचरांची समजूत होती :) शेवटी तिच्या नातवाने आडनावात मधे एक्स घातला आणि काम झालं. नातू खूश. मावशी मात्र म्हणाली, "अरे, पण हे माझं नाव नाही."

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे.

संगणक इथे करतो काय? त्याच्याकडे शिव्यांची एक यादी असते. आलेला मजकूर तो त्या यादीशी ताडून बघतो. अर्थ त्याला ठाऊक नसतो, फक्त अक्षरांची रांग ठाऊक असते. ती रांग एखाद्या मोठ्या शब्दाच्या पोटात सापडली तरी तो अख्खा शब्द अडवतो. या प्रकाराला इंग्रजीत एका गावाचंच नाव पडलंय. इंग्लंडमधलं स्कन्थॉर्प, पोलाद कारखान्यांचं गाव. १९९६ साली एओएल या कंपनीच्या सेवेत तिथल्या लोकांना आपल्या गावाचं नाव घालून खातं उघडता येईना, कारण त्या नावात दुसऱ्या अक्षरापासून पाचव्यापर्यंत इंग्रजीतली एक जबर शिवी बसलेली आहे. कंपनीने तोडगा काय काढावा? आमच्या नोंदीत गावाला 'स्कॉन्थॉर्प' म्हणू! १०८६ सालच्या डूम्सडे बुकात या गावाची नोंद आहे. स्कुमा नावाच्या कुणा नॉर्स माणसाची वाडी, एवढाच त्या नावाचा अर्थ. नऊशे वर्षं जुनं नाव एका यादीसाठी बदलायला निघाले.

स्कन्थॉर्पचं नाव निदान त्यांच्याच लिपीत आहे. आपली गोष्ट आणखी एका वळणाची. दीक्षित हा शब्द देवनागरीत किती सोवळा आहे बघा. यज्ञाची दीक्षा घेतलेला तो दीक्षित. त्यात अडचण शिरली ती रोमन लिपीत गेल्यावर. कंपनी सरकारच्या काळात साहेब कानाला येईल तसं स्पेलिंग करत. पूना, कॉनपोर ही त्यातलीच. १८७० च्या सुमारास विल्यम विल्सन हंटर यांनी देशभरातल्या नावांसाठी एकच लेखनपद्धत ठरवायचं काम हाती घेतलं. त्या पद्धतीत 'क्ष' म्हणजे के-एस-एच. म्हणजे दीक्षित हे आडनाव नियमाप्रमाणे अगदी शुद्ध लिहिलं, की शेवटची चार अक्षरं एस-एच-आय-टी होणारच. नियम पाळला म्हणून दोषी!

भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित आपल्या कोकणातले, दापोलीजवळच्या मुरुडचे. रॉबर्ट सूएल यांच्याबरोबर त्यांनी भारतीय पंचांगावर जो इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो १८९६ साली लंडनमध्ये छापला गेला. मुखपृष्ठावर दीक्षित हे नाव के-एस-एच घालूनच आहे. ते वाचून तिथे कुणी नाक मुरडलं असेल असं वाटत नाही. पुढे बरोबर शंभर वर्षांनी स्कन्थॉर्प अडकलं.

गोव्यात हीच कथा पोर्तुगीज वळणाने घडली. आसगाव, असोळणा, अस्नोडा या तिन्ही गावांच्या रोमन नावांत सुरुवातीला ए आणि मागोमाग दोन एस आहेत. पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांच्या मधे एकटा एस आला, की त्याचा उच्चार इंग्रजी झेडसारखा होतो. 'स' हवा असेल तर एस दोनदा लिहायचा. कुणा कारकुनाने उच्चार नीट राहावा म्हणून घेतलेली ही काळजी. इंग्रजी यादीला मात्र त्यात गाढव दिसतं, किंवा त्याहून वाईट काही! म्हणजे नाव कोकणी, लिपीचा नियम पोर्तुगीज, आणि निकाल देणार इंग्रजी.

मग देवनागरीतच लिहिलं तर सुटका होईल का? तिथे वेगळीच पंचाईत आहे. इंग्रजीत 'पूर्ण शब्द जुळला तरच अडव' असं सांगून स्कन्थॉर्प सोडवता येतं. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. घर, घराला, घरातून, घरापुढचा. शिव्याही तशाच चालवल्या जातात. पूर्ण शब्द बघावा तर शिवी निसटते, तुकडा बघावा तर निरपराध सापडतो. शेतकऱ्याचा मित्र म्हणून पुस्तकात शिकलेलं गांडूळ आठवा. गांडूळखताची माहिती देणाऱ्याने काय लिहावं? संस्कृत कवींनी आंब्याच्या मोहोराचं वर्णन करताना वापरलेल्या दोन अक्षरी शब्दाबद्दल तर मी बोलतच नाही...

हसण्यापलीकडचं उदाहरण आसामचं आहे. तिथल्या चुतिया जमातीचं सदियाला राज्य होतं, ते सोळाव्या शतकात आहोमांनी जिंकलं. २०१२ साली फेसबुकने या आडनावाच्या लोकांची खाती खोटी समजून बंद केली आणि तिथल्या विद्यार्थी संघटनेला निषेध करावा लागला. ज्या नावाने पूर्वज राज्य करत होते, ते खरं असल्याचं पटवून द्यायचं, तेही हिंदीतली एक शिवी त्या नावासारखी आहे म्हणून.

सगळा दोष यंत्राला देऊन चालणार नाही. २०१० मध्ये न्यूझीलंडच्या एका दूरचित्रवाणी निवेदकाने शीला दीक्षितांच्या नावावर प्रक्षेपणात खिदळून घेतलं. भारताने निषेध नोंदवला आणि त्याच महिन्यात त्याने राजीनामा दिला. २०१५ मध्ये आपल्याकडे मिहिर जोशी यांच्या गाण्यातल्या 'बॉम्बे' या शब्दावर सेन्सॉरने बीप घातला. तो बीप ऐकणाऱ्याला काय वाटणार? इथे काहीतरी घाणेरडं होतं! म्हणजे साध्या शब्दाची शिवी झाली ती झाकल्यामुळे. मावशीच्या आडनावाचंही तसंच झालं. त्यात एक शिवी लपलेली आहे हे घरात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, ते त्या तांबड्या सूचनेने दाखवून दिलं.

आता वाक्याचा संदर्भ बघून ठरवणाऱ्या प्रणाली आल्या आहेत, आणि लेखांना, पत्रांना त्यांचा उपयोग होईलही. पण नावाच्या चौकटीत नाव एकटंच असतं, त्याला मागे-पुढे वाक्य नसतं. तिथे संदर्भ म्हणजे ते नाव कुठून आलं याचा इतिहास, आणि तो यादी करणाऱ्यालाच माहीत असावा लागतो. माहीत नसेल तर निदान 'हे माझंच नाव आहे' असं सांगायला त्या चौकटीखाली एक बटण हवं. शिव्या अडवाव्यात, त्याला माझी ना नाही. पण आपलं नाव शिवी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी नाव लावणाऱ्यावर का?

असो. तुमच्या नात्यागोत्यात, गावाशेजारी अशी अडकलेली नावं असतील तर जरूर कळवा. आणि स्पेलिंग बदलू नका म्हणावं.