कुस्तीच्या मैदानात मानेला मार लागला तर काय करायचं?

खाशाबा जाधवांचं गोळेश्वर सातारा जिल्ह्यातलं, तर कुंडलचं प्रसिद्ध कुस्ती मैदान सांगली जिल्ह्यातलं. या भागात यात्रा म्हटली की कुस्त्या आल्याच, आणि गावोगावी कबड्डीचे सामनेही रंगतात. दोन्ही खेळांत डोक्यावर किंवा मानेवर पडण्याचा धोका असतो. 2018 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या बांदिवडे इथल्या मैदानात शिराळा तालुक्यातल्या एका तरुण पैलवानाच्या मानेला डाव टाकताना गंभीर दुखापत झाली आणि उपचार सुरू असताना त्याचा मृत्यू झाला.

मानेची दुखापत इतकी गंभीर का?

मानेत 7 मणके असतात आणि त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. हातापायांना मिळणारे मेंदूचे संदेश याच वाटेने जातात. श्वास चालवणाऱ्या मुख्य स्नायूच्या नसाही मानेतूनच निघतात. मणका मोडला, तरी मज्जारज्जू शाबूत असू शकतो. अशा वेळी जखमीला घाईने उचललं किंवा मान हलवली, तर सरकलेला मणका मज्जारज्जूवर दाब आणू शकतो.

धोका कसा ओळखायचा?

मानेत तीव्र वेदना, हातापायांना मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा, हातपाय न हलणे किंवा शुद्ध हरपणे, यातलं एकही लक्षण दिसलं तर मानेला इजा झाली आहे असंच धरून चाला. खेळाडू उठून बसला म्हणजे धोका टळला, असं नाही.

पहिल्या काही मिनिटांत काय करायचं?

1. कुस्ती किंवा सामना लगेच थांबवा, गर्दी मागे हटवा.
2. 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. ही सेवा मोफत आहे.
3. एकाने डोक्यामागे गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी डोकं आहे त्याच स्थितीत स्थिर धरावं. मान वाकडी दिसली तरी जबरदस्तीने सरळ करू नये.
4. उलटी होत असेल तर तिघाचौघांनी मिळून डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून अख्खं शरीर एकदम कुशीवर वळवावं.
5. पाणी पाजू नका, मान ओढू नका, मालिश करू नका. दुचाकीवर मध्ये बसवून तर अजिबात नेऊ नका.

श्वासच थांबला तर?

इथे नियम बदलतो. आधी जीव, मग मान. खेळाडू हाकेला प्रतिसाद देत नसेल आणि श्वास घेत नसेल किंवा फक्त आचके देत असेल, तर त्याला सांभाळून पाठीवर झोपवा. छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने, 5 ते 6 सेंटीमीटर खोल दाब देत राहा. हृदय बंद पडल्यावर काही वेळा शरीराला झटके येतात. त्याला फिट समजून कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात मोलाची मिनिटं जातात.

आयोजकांनी काय करावं?

मैदान ठरतं, तेव्हाच रुग्णवाहिका आणि डॉक्टरही ठरवावेत. आखाड्यातली माती खणून मऊ केलेली असावी. जवळच्या कोणत्या रुग्णालयात मणक्यावर उपचार होतात, याची चौकशी आधीच करून ठेवावी. डोकं कोण धरणार, फोन कोण करणार आणि रुग्णवाहिकेला वाट कोण मोकळी करून देणार, ही नावंही पहिल्या कुस्तीआधी ठरलेली असावीत.