शिक्षा, शिक्षण आणि मानस

शिरूर तालुक्यातल्या निमोण्याकडे कुणाच्या पोराच्या शाळेचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली: ‘त्याचं मनच लागत नाही’, नाहीतर ‘मनावर घेतलं तर सगळं येतं त्याला’. तालुका ओलांडून दौंडात गेलात तरी हेच ऐकाल. बोलणाऱ्याने मानसशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नसतं, पण शिकणं आधी मनात घडतं हे त्याच्या भाषेला पक्कं ठाऊक असतं. विद्यापीठात मात्र मानसशास्त्र एका विभागात आणि शिक्षणशास्त्र दुसऱ्या विभागात. दोन्ही जोडीने शिकायचं म्हटलं की घरचे विचारतात, ‘मग नक्की होणार कोण?’ शब्दांची कुळी काढून पाहिली तर हे दोन विषय एकाच घरचे निघतात.

आपलं ‘शिकणे’ संस्कृत ‘शिक्ष्’पासून प्राकृताच्या वाटेने आलं. धातुपाठात ‘शिक्ष्’ वेगळा दिला असला, तरी भाषेचे अभ्यासक त्याला ‘शक्’चं इच्छादर्शक रूप मानतात, आणि ‘शक्’चं असं रूप कसं सिद्ध होतं हे पाणिनीनेही सांगितलं आहे. ‘शक्’ म्हणजे जमणं, समर्थ असणं. शक्ती, शक्य आणि आपलं रोजचं ‘शकणे’ हे सगळे तिथलेच. संस्कृतात धातूला इच्छेचा अर्थ जोडण्याची ही रीत फार देखणी आहे. ‘पा’पासून पिपासा, म्हणजे पिण्याची इच्छा. ‘ज्ञा’पासून जिज्ञासा. ‘श्रु’पासून शुश्रूषा, म्हणजे ऐकण्याची इच्छा, गुरूचं ऐकायचं तर त्याची सेवा करायची, असं करत तो शब्द आजाऱ्याच्या खाटेपर्यंत पोहोचला. तशीच ‘शक्’पासून शिक्षा: मला हे जमावं, अशी इच्छा. म्हणजे शिक्षणाच्या मुळाशी ना पुस्तक आहे ना गुरुजी. तिथे शिकणाऱ्याची ओढ आहे.

आता मनाकडे वळू. ‘मन्’ म्हणजे विचार करणं. त्याचं इच्छादर्शक रूप ‘मीमांसा’. खोलात शिरून विचार करण्याची इच्छा. ‘मन’पासून ‘मानस’, आणि त्यावरून आपलं मानसशास्त्र. हिंदीने मनोविज्ञान पसंत केलं, आपण मानस धरून ठेवलं, आणि ते फार बरं झालं. कारण मराठीत ‘मानस’ म्हणजे बेतही. ‘यंदा विहीर खोल करण्याचा मानस आहे’ असं शेतकरी सहज म्हणतो. एका शास्त्राच्या नावात बेत दडलेला, दुसऱ्याच्या नावात इच्छा. दोघांचं नातं जुळवायला आणखी काय हवं?

पण मराठीत एक गोष्ट बिनसली. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे आजही शिक्षण. आपल्याकडे शिकवण्याचा अर्थ ‘शिक्षण’ घेऊन गेला आणि ‘शिक्षा’च्या वाट्याला छडी, ओणवं उभं राहणं, अंगठे धरणं आलं. ‘धडा’ही त्याच वाटेने गेला, ‘चांगलाच धडा शिकवला’ म्हणजे काय, ते सांगायला नको. कित्येक पिढ्या मार खातच शिकल्या, त्याची ही खूण आहे. 2009चा शिक्षण हक्क कायदा पाहा. हिंदीत तो ‘शिक्षा का अधिकार’. म्हणजे तिथे शिक्षा हा मुलाचा हक्क. मराठीत वाचला तर त्याच कायद्याच्या 17व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करायला बंदी घातली आहे. एकच शब्द, इकडे बंदी आणि तिकडे हक्क. त्याच कलमात मानसिक छळालाही मनाई आहे. मुलाचं मन कायद्याने शाळेत आणलं.

प्रेमाने शिकवण्यासाठीही आपल्याकडे शब्द आहे: वळण. पाटीवर पहिला ‘अ’ काढताना पोरगं पेन्सिल मुठीत घट्ट धरतं, रेघ खाली ओढतं आणि वळवायच्या जागी अडतं. बाई त्याची मूठ आपल्या हातात घेतात, हळूच फिरवतात, पुन्हा फिरवतात. चौथ्या-पाचव्या वेळी पकड सैल होते आणि हात आपोआप वळतो. अक्षराचंही वळण, स्वभावाचंही वळण. त्या बाईंना मुठीतली भीती कळली नसती, तर पेन्सिल नुसती मोडली असती.

मन आणि शिक्षण यांची सांगड घालणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शाळाच मुलांकडे नेली. अंगणात भरली ती अंगणवाडी, गुरं चारणाऱ्या पोरांची ती कुरणशाळा. मूल कुठे रमतं हे आधी पाहिलं, नाव नंतर आलं. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी 1962 साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली; ते मानसशास्त्राचे अभ्यासक होते. तिथल्या मानसशास्त्राच्या संस्थेचं नाव ‘प्रज्ञा मानस संशोधिका’. इतकं नेमकं नाव क्वचितच सापडतं.

आज गावोगावची मुलं-मुली शिक्षक पात्रता परीक्षेची तयारी करतात. त्यात 150 पैकी 30 गुण ‘बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र’ या विभागाला आहेत. बहुतेक जण तो भाग मार्गदर्शिकेतून पाठ करून मोकळे होतात. निमोण्यातून किंवा आणखी कुठल्या गावातून कुणी शिक्षक व्हायला निघालं असेल, तर माझं मागणं एवढंच: पदवीला जमलं तर मानसशास्त्र घ्या, आणि ते 30 गुणांपुरतं वाचू नका. घरच्यांनीही ‘हे कशाला?’ म्हणून मुलीला अडवू नये. जिला मुलाचं मन वाचता येतं, तीच त्याला शिकवू शकेल.