परभाषाज्ञानाच्या पायऱ्या : अमेरिकी परराष्ट्रसेवेचा एक प्रयोग

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचा कारभार जगभर पसरला, तरी आपल्या नोकरवर्गात कोणाला कोणती परकी भाषा कितपत येते याची भरवशाची नोंद त्या सरकारकडे नव्हती. ‘फ्रेंच अस्खलित’, ‘जर्मन उत्तम’ असे शेरे कर्मचारी स्वतःच स्वतःला देत असल्याने, दोन वर्षे वर्गात भाषा शिकलेला आणि त्या देशात लहानाचा मोठा झालेला असे दोघेही एकाच विशेषणाचे धनी होऊ शकत. कोरियातील युद्ध चालू असताना, १९५२ साली, नागरी सेवा आयोगाकडे भाषाज्ञानाची सूची करण्याचे काम आले, तेव्हा ही उणीव उघडी पडली. परराष्ट्र खात्याच्या ‘फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट’ या प्रशिक्षणसंस्थेतील भाषाशाळेचे प्रमुख हेन्री ली स्मिथ यांच्या पुढाकाराने श्रेणी आखल्या गेल्या. परंतु त्याच वर्षीच्या निवडणुकीनंतर सरकार बदलले आणि काम रेंगाळले. १९५५ च्या पाहणीत मात्र निम्म्याहून कमी अधिकाऱ्यांना सेवेच्या उपयोगी पडेल इतकी परभाषा येत असल्याचे आढळले, आणि भाषाज्ञान यापुढे चाचणीनेच पडताळावे असे खात्याने १९५६ मध्ये ठरवले.

१९५८ मध्ये स्थापन झालेल्या चाचणी विभागाने शून्य ते पाच अशी श्रेणी रूढ केली. ‘एस-३’, म्हणजे बोलण्याची (‘स्पीकिंग’) तिसरी पायरी, याचा अर्थ व्यावसायिक विषयांवरील बहुतेक संभाषण निभावून नेण्याइतके बोलता येणे. पाचवी पायरी सुशिक्षित मातृभाषिकाची. समोरासमोरच्या मुलाखतीत परीक्षकाला अधिकाऱ्याच्या हुद्द्याची भीड पडण्याचा धोका उघड होता, म्हणून उच्चार, आकलन, ओघ, व्याकरण आणि शब्दसंपत्ती यांचा वेगवेगळा तक्ता भरला जाई. अर्थात या साऱ्याचे मोल तक्त्यापेक्षा प्रश्न बदलण्यात अधिक होते : भाषा किती शिकली याऐवजी तिच्यात कोणते काम करता येते, हे विचारले जाऊ लागले.

१९६८ मध्ये अनेक सरकारी विभागांनी मिळून बोलणे, ऐकणे, वाचणे व लिहिणे यांची स्वतंत्र वर्णने लिहिली. युरोपीय परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेली ए-१ ते सी-२ ही चौकट निराळी असून, पुण्यातील जर्मन शिकलेले उमेदवार अर्जावर तिचाच आधार घेतात. अमेरिकी पायऱ्यांची नावे मात्र ‘लिंक्डइन’वरील भाषांच्या रकान्यात जवळपास जशीच्या तशी उतरली आहेत, आणि तेथे कोणतीही चाचणी न देता उमेदवार आपली पायरी स्वतःच निवडतो.