होल्स्टरचं डिझाईन नेमकं कुणाचं? चामड्याच्या कामात श्रेयाचा वाद का होतो?

होल्स्टर म्हणजे पिस्तूल कमरेला बाळगण्यासाठीचं म्यान. अमेरिकेत हाताने चामड्याची होल्स्टर बनवणारे अनेक छोटे कारखाने आहेत. तिथे एक प्रश्न वारंवार येतो. एकाने बसवलेला आकार दुसऱ्याने विकायला काढला, तर मूळ माणसाचं नाव घ्यायचं की नाही?

'समर स्पेशल'ची गोष्ट

1970च्या दशकात कॅलिफोर्नियात पोलीस म्हणून काम केलेल्या ब्रूस नेल्सन यांनी पॅन्टच्या आत, कमरेशी लपणारं एक होल्स्टर तयार केलं. त्यात चामड्याची खडबडीत बाजू बाहेर होती, त्यामुळे ते कपड्याला धरून राहायचं, सरकायचं नाही. तोंडाशी धातूची पट्टी शिवलेली होती. पिस्तूल बाहेर काढलं तरी तोंड मिटायचं नाही आणि एका हाताने ते परत ठेवता यायचं. पोलिसाच्या दृष्टीने ही फार मोठी सोय.

आयडाहोमधल्या मिल्ट स्पार्क्स यांनी नेल्सन यांच्या संमतीने ते बनवायला घेतलं. होल्स्टर गाजलं स्पार्क्स यांच्या कारखान्यामुळे, पण डिझाईन नेल्सन यांचं, हे तिथे उघड सांगितलं गेलं. नंतर इतरांनीही तसंच काही ना काही बनवलं. त्यातल्या सगळ्यांनी नाव घेतलं असं नाही.

कायदा कुठवर साथ देतो?

फार नाही. अमेरिकेत कॉपीराइट वापराच्या वस्तूच्या उपयोगी आकाराला मिळत नाही. चामड्यावर कोरलेल्या नक्षीला मिळू शकतो, होल्स्टरच्या बांधणीला नाही. बांधणीसाठी पेटंट लागतं. नुसत्या दिसण्यासाठी डिझाईन पेटंट असतं, ते आता मंजुरीपासून 15 वर्षं चालतं. मात्र अर्ज आणि वकील यांचा खर्च एकट्या कारागिराला झेपेलच असं नाही. मुदत संपली की ते डिझाईन सगळ्यांचं. त्यानंतर उरतं ते फक्त सौजन्य.

दुसरी अडचण खुद्द कामातच आहे. होल्स्टर बनवताना चामडं ओलं करून बंदुकीच्या साच्यावर दाबून बसवतात. म्हणजे निम्मा आकार बंदूकच ठरवते. एकमेकांना कधीही न भेटलेले दोन कारागीर सारख्याच वळणावर पोहोचू शकतात. त्यामुळे दिसायला सारखं आहे म्हणून लगेच चोरी म्हणणं अन्यायाचं ठरेल. पण ट्रिगरजवळचा काप, पट्ट्याच्या खाचा आणि शिलाईची रेषा असं सगळंच जुळत असेल, तर योगायोग म्हणणं कठीण आहे.

काही वेळा नाव टिकतं, पण ते कुणाचं हे विसरलं जातं. टेक्सासमधल्या एल पासोचे पोलीस अधिकारी टॉम थ्रीपर्सन्स यांच्या नावाचं उघडं, पुढे झुकलेलं होल्स्टर एस. डी. मायर्स यांच्या खोगीर कारखान्याने विकलं. पुढे 'थ्रीपर्सन्स' हा एक प्रकारच झाला. आपल्याकडे पैठणी म्हणताना पैठण गाव डोळ्यांसमोर येतंच असं नाही, तसंच काहीसं.

कोल्हापुरीशी याचा काय संबंध?

जून 2025मध्ये प्राडाने मिलानमधल्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा कोल्हापूरचं नाव नव्हतं. टीका झाल्यावर कंपनीने प्रेरणा मान्य केली. फरक असा, की कोल्हापुरीला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी जीआय आहे. ते एका प्रदेशातल्या कारागिरांचं असतं. नेल्सनसारख्या एकट्या माणसाच्या कल्पनेला ते लागू होत नाही.

भारतात अशा माणसासाठी डिझाईन कायदा, 2000 आहे. नोंदणी 10 वर्षांची, ती आणखी 5 वर्षं वाढवता येते. पण नवं काम आधी इन्स्टाग्रामवर टाकलं आणि अर्ज नंतर केला, तर ते आधीच जाहीर झालं म्हणून नोंदणी नाकारली जाऊ शकते. म्हणून आधी अर्ज, मग फोटो.