भारतीय ग्राहक आणि स्मार्टफोनची खरेदी : सवयी व चुका यांचा ऐतिहासिक विचार (१९९५–२०२३)

आर्थिक इतिहासाच्या अभ्यासात उत्पादक, व्यापारी व शासन यांचा जितका सूक्ष्म विचार झाला आहे तितका ग्राहकाचा झालेला नाही. त्यातही ग्राहकाच्या चुका हा विषय उपदेशाच्या किंवा विनोदाच्या प्रांतात सोडून देण्याचीच रीत पडली आहे. नवा स्मार्टफोन घेताना लोक फसतात, नको ती वस्तू घेऊन मागाहून पस्तावतात, हे सर्वांच्याच अनुभवाचे आहे. आणि त्याची मीमांसा बहुधा दोन शब्दांत उरकली जाते : हौस आणि अज्ञान. हौसेचे विवेचन थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ साली प्रदर्शनार्थ उपभोगाच्या कल्पनेने केलेच होते. विक्रेत्यास ठाऊक असलेले ग्राहकास ठाऊक नसले म्हणजे सारा बाजारच कसा बिघडतो, हे जॉर्ज ॲकरलॉफ याने १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. परंतु विशिष्ट काळी विशिष्ट प्रकारचीच चूक का घडली, या इतिहासाच्या प्रश्नास या दोन्ही उपपत्तींतून उत्तर मिळत नाही. भारतीय ग्राहकाच्या पुष्कळशा चुका अज्ञानातून नव्हे, तर आधीच्या बाजारात खऱ्या ठरलेल्या शहाणपणातूनच उद्भवल्या, असे प्रस्तुत लेखात सुचवावयाचे आहे.

हे शहाणपण कोणते, ते प्रथम पाहिले पाहिजे. १९९५ पूर्वी दूरध्वनी ही विकत घेण्याची वस्तूच नव्हती. अर्ज करावयाचा, वर्षानुवर्षे वाट पाहावयाची आणि खाते देईल ते यंत्र मुकाट्याने घरात बसवून घ्यावयाचे, असा क्रम होता. ग्राहकाची पारख घडली ती घड्याळ, रेडिओ, शिलाई यंत्र, कुकर, सायकल अशा वस्तूंच्या खरेदीत. या खरेदीने त्याला तीन सवयी लावल्या. पहिली, वस्तू हातात घेऊन तिच्या वजनावरून, बांधणीवरून व आवाजावरून तिची किंमत ठरविण्याची. दुसरी, पक्क्या बिलापेक्षा ओळखीच्या दुकानदाराच्या शब्दावर अधिक विसंबण्याची. तिसरी, एकदा घेतलेली वस्तू मिस्त्रीकडून दुरुस्त करवून घेत पंधरा-वीस वर्षे वापरण्याची. या सवयींना भाबडेपणा म्हणता येणार नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने धान्य, मसाले इत्यादींच्या सामुदायिक खरेदीचा जो प्रयोग चालविला, त्याच्या मुळाशी मालाची अशी प्रत्यक्ष पारखच होती.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी केलेल्या संभाषणाने भारतात मोबाईल सेवेचा आरंभ झाला. प्रारंभी बोलण्याचे दर इतके चढे होते, आणि येणाऱ्या फोनचेही पैसे पडत असल्यामुळे धास्ती इतकी होती, की यंत्राच्या किमतीपुढे पक्क्या बिलाचा प्रश्न गौण वाटे. जकात चुकवून आलेला माल ग्रे मार्केटमध्ये स्वस्त मिळे; मुंबईतील मनीष मार्केटचे नाव त्यासाठी सर्वतोमुखी होते. २००३ साली येणारे फोन विनामूल्य झाले आणि ग्राहकवर्ग झपाट्याने विस्तारला. त्याच वर्षी बाजारात आलेला नोकिया ११०० हा फोन जुन्या सवयींचा जणू विजयच होता. तो दणकट, धुळीला दाद न देणारा, विजेरी असलेला व बॅटरी सहज बदलता येणारा असा होता. हातात घेऊन पारखावा आणि वर्षानुवर्षे वापरावा, हा नियम येथेही खरा ठरला. किंबहुना तो नको इतका खरा ठरला.

कारण याच सुमारास वस्तूचे खरे मूल्य वस्तूबाहेरच्या व्यवस्थेकडे सरकू लागले होते. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपये आरंभी भरून फोन देण्याची योजना काढली. तो फोन हाती आला तरी सीडीएमए पद्धतीचा असल्यामुळे त्याच कंपनीच्या जाळ्याशी बांधलेला असे. अमेरिकेतील आप्तांनी मोठ्या प्रेमाने आणलेले फोनही कित्येकदा तेथील कंपनीला कुलूपबंद असल्याने येथील सिमकार्ड स्वीकारीत नसत. ‘वस्तू माझ्या हाती म्हणजे ती माझी’ हा सहस्रावधी वर्षांचा समज येथे प्रथम डळमळला.

त्यास खरा धक्का बसला तो २००९ साली. प्रत्येक फोनला आयएमईआय हा पंधरा अंकी ओळखक्रमांक असतो. ज्यांना तो नाही, अशा फोनांची सेवा सुरक्षेच्या कारणास्तव ३० नोव्हेंबर २००९ नंतर बंद करण्याचा शासनाने आदेश दिला. ‘चायना मोबाईल’ या नावाने ओळखले जाणारे अनेक स्वस्त फोन त्यात सापडले. त्यांना दोन सिमकार्डे, मोठा आवाज व मोठा पडदा होता, म्हणजे हाताने, डोळ्याने व कानाने पारखावे ते सर्व होते. नव्हता तो केवळ एक अदृश्य क्रमांक. यंत्रात काडीचाही बिघाड नसता ते निरुपयोगी ठरावे, हा अनुभव घड्याळ-रेडिओच्या जगात कोणास आलेला नव्हता. कच्च्या बिलावर भागविण्याची दुसरी सवयही येथेच अंगाशी आली.

किमतीच्या बाबतीतही असेच घडले. २००८ च्या जुलैत अमेरिकेत आयफोन ३जी हा १९९ डॉलरना, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे साडेआठ हजार रुपयांना मिळू लागल्याचे वृत्त येथे पोहोचले होते. २२ ऑगस्ट रोजी तो भारतात ३१,००० रुपयांना विक्रीस आला, तेव्हा ग्राहकांत मोठी नाराजी पसरली. अमेरिकन किमतीत दोन वर्षांचा सेवाकरार अंतर्भूत होता आणि उरलेली रक्कम मासिक आकारातून वसूल होत होती, हे चिठ्ठीवरील आकड्यात दिसत नव्हते. पुढे बिनव्याजी हप्त्यांची टूम निघाली. त्या वेळी शून्य टक्के व्याज ही वस्तुतः अस्तित्वातच नसलेली गोष्ट आहे, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले. घासाघीस करून किंमत उतरविण्यात वाकबगार असलेला ग्राहक, किंमत अनेक ठिकाणी विभागून ठेवली असता गोंधळला.

२०१४ नंतर खरेदीचे स्थानच बदलले. त्या वर्षीच्या जुलैत शाओमीचा मी ३ हा फोन १३,९९९ रुपयांस केवळ इंटरनेटवरून विकला गेला, तेव्हा तो हाती घेऊन पाहण्याचा प्रश्नच उरला नाही. यावर कोणी म्हणेल की, येथे ग्राहकाने जुनी सवय टाकली व तो गुणविशेषांचे तक्ते वाचू लागला. हे खरे आहे; परंतु तक्त्यातील आकडा हे वजनाचेच नवे रूप होते. मेगापिक्सेल अधिक म्हणजे छायाचित्र चांगले, हा तर्क ‘जड भांडे ते टिकाऊ’ याच जातीचा आहे. संवेदकाचा आकार व भिंगाची प्रत त्या आकड्यात येत नाही. खोक्यावरील १६ जीबी साठ्यापैकी बराचसा भाग फोनची स्वतःची प्रणालीच व्यापते, हेही आकडा सांगत नाही.

२०१६ हे वर्ष या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. फेब्रुवारीत एका नव्या कंपनीने ‘फ्रीडम २५१’ हा स्मार्टफोन २५१ रुपयांस देऊ केला आणि नावनोंदणीच्या रेट्याखाली तिचे संकेतस्थळ बंद पडले. याला निव्वळ मूर्खपणा म्हणण्याचा मोह होतो. परंतु स्कूटर, गॅस व दूरध्वनी यांसाठी ‘आधी नंबर लावून ठेवा’ हेच ज्या समाजाने दोन पिढ्या शिकले, त्याने नंबर लावला यात नवल नाही. टंचाईच्या काळात नोंदणी हीच बुद्धिमत्ता होती. सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली. तिच्या जाळ्यात संभाषणही चौथ्या पिढीच्या मार्गानेच जात असल्याने तिसऱ्या पिढीचे महागडे फोन तेथे कुचकामी ठरले. आणि ‘४जी’ असा शिक्का असूनही व्होल्टीची सोय नसलेल्या फोनांना साध्या बोलण्यासाठी निराळे ॲप घ्यावे लागले. ही चूक ५जीच्या वेळी उलट दिशेने झाली. असे फोन २०२० च्या फेब्रुवारीपासून विकले जात होते. लहरींचा लिलाव २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आणि सेवेचा आरंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. आधीच्या अनुभवाने पोळलेल्या ग्राहकाने अडीच वर्षे आधीच, लहरींचे कोणते पट्टे वापरात येणार हे ठरण्यापूर्वी, पैसे मोजून ठेवले होते.

तिसऱ्या सवयीची, म्हणजे टिकाऊपणाच्या अपेक्षेची, कथा अद्याप संपलेली नाही. २०१७ साली व्हॉट्सॲपने सिंबियन प्रणालीच्या नोकिया फोनांचा आधार काढून घेतला, तेव्हा धडधाकट यंत्रे जगाशी बोलेनाशी झाली. सीलबंद बॅटरी व ठरावीक वर्षांनी थांबणाऱ्या प्रणाली-सुधारणा यांमुळे मिस्त्रीचे कौशल्यही तोकडे पडू लागले. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली समिती नेमली, ती याच अपेक्षेची उशिरा घेतलेली दखल होय. तद्वतच, हरवलेले फोन अडविणाऱ्या केंद्रीय नोंदवहीचा प्रयोग सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रात सुरू झाला व मे २०२३ मध्ये ती देशभर खुली झाली. जुना फोन घेणाऱ्यासही आता अदृश्य क्रमांकाची शहानिशा करता येते.

या निष्कर्षाला केवळ ऐतिहासिक महत्त्व नाही. ग्राहक अज्ञानी म्हणून चुकतो असे मानले, तर ‘ग्राहकाने सावध राहावे’ एवढे सांगून सर्वांची सुटका होते. परंतु सावधपणाच्या जुन्या रीतीच त्याला चुकवीत असतील, तर अधिक सावध ग्राहक हा अधिक आत्मविश्वासाने चुकेल. अशा वेळी जाळ्याचे पट्टे, प्रणालीच्या आधाराची मुदत, दुरुस्तीची सोय व एकूण देय रक्कम या अदृश्य गोष्टी दृश्य करून सांगण्याचे दायित्व विक्रेत्यावर येते. १९८६ च्या व त्यानंतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मान्य केलेल्या माहितीच्या हक्काचा अर्थ आता याच दिशेने लावला पाहिजे. अभ्यासकांसही येथे एक काम आहे. जुनी बिले, वॉरंटीपत्रे, रिकामी खोकी व जाहिरातींची पत्रके ही या इतिहासाची अस्सल साधने असून ती रोज रद्दीत जात आहेत. त्यांचा संग्रह झाला नाही, तर उद्याच्या इतिहासकारास कंपन्यांचे अहवाल तेवढे मिळतील. ग्राहकाचे शहाणपण व त्याची चूक ही दोन्ही त्यास दिसणार नाहीत.