सोनार केल्ला

सत्यजित राय यांच्या फेलुदा या बंगाली रहस्यमालिकेतील कादंबरी (1971) व तीवरील चित्रपट (1974). मालिका 1965 मध्ये ‘संदेश’ मासिकात सुरू झाली. नायक प्रदोषचंद्र मित्र ऊर्फ फेलुदा, निवेदक त्याचा धाकटा चुलतभाऊ तोपशे.

मुकुल या मुलाला पूर्वजन्मातला सोन्याचा किल्ला आठवतो. परामानसशास्त्रज्ञ डॉ. हाजरा त्याला घेऊन राजस्थानात येतात आणि खजिन्याच्या वासाने दोन भामटे मागे लागतात. चित्रपटात जयपूरजवळच्या नाहरगडावरून ते हाजरांना खाली ढकलतात; त्यांतला एक मग स्वतःच हाजरा म्हणून मिरवू लागतो. गुन्हा जयपूरचा, उकल मात्र पिवळ्या दगडाच्या जैसलमेरला. मधल्या वाळवंटात फेलुदाची मंडळी उंटावर बसून आगगाडीमागे धावतात. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, स्वार पुढे झुकतो. रहस्यकथा खपवणाऱ्या लेखक जटायूंची (संतोष दत्त) इथे जी गाळण उडते, ती मूळ तपासापेक्षा जास्त लक्षात राहते. हे पात्र मालिकेत याच कथेपासून आले.

फेलुदा सौमित्र चॅटर्जी यांनी रंगवला. निर्मिती पश्चिम बंगाल सरकारची होती. मराठीत फेलुदाकथा अशोक जैन यांच्या अनुवादातून पोचल्या.

परक्या मुलखातला हा तपास तुलनेने उठून दिसतो: डेना स्टॅबेनो यांच्या अलास्कातील रहस्यमालिकेची (1992 पासून) नायिका केट शुगाक ही अल्यूट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, आणि अलास्काच्याच रानातली आहे. फेलुदा मात्र राजस्थानात पाहुणा. त्यामुळे वाट त्याला विचारावी लागते.